चालण्याचा पगार

मु. पो. निंबखेडे, ता. चोपडा
३ मार्च २०२५

चि. मोनाली,

आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. पैसे तर परत पाठवतेच आहेस.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहायला बसलो. चोपड्याच्या पोस्टात पाकीट मागितलं तर तिथला माणूस म्हणाला, आबा, कोर्टाचं काम आहे का? मी म्हटलं, नाही, पोरीचं. बावीस वर्षांची पोर बापाचा नंबर बंद करून धुळ्याला मैत्रिणीच्या खोलीवर राहते, हे त्याला कुठं सांगत बसू.

तुझ्या त्या मैत्रिणीने, मेघाने, तुझा निरोप दिला. 'आबांनी लिहून द्यावं, बाकी काही नको.' काय लिहून द्यावं? खेळाडूंची योजना सोडल्याच्या अर्जावर तुझी सही नाही, असं? दहा महिने झाले त्या कागदाला. तेव्हा तू प्रशिक्षण केंद्रात होतीस, सकाळ-संध्याकाळ चालण्याचा सराव करत होतीस, शंभर कागदांवर सह्या करत होतीस. हा कागद तुझ्या हाताखालून गेला नाही, हे तुला तरी कुठं नक्की आठवतंय? अर्जात स्वच्छ लिहिलंय, 'मी ही मदत स्वखुशीने सोडत आहे, ती एखाद्या गरजू खेळाडूस मिळावी.' यात वाईट काय आहे सांग.

तू सरळ लिही की माझा विचार बदलला, मला परत घ्या. एवढ्याशा कामाला बापाचा कबुलीजबाब कशाला? मेघा म्हणते, स्वखुशीने सोडणाऱ्याला परत घेत नाहीत, फसवणूक झाली असेल तरच फाइल उघडते. असले नियम करणारे सगळे उंटावरचे शहाणे.

तुझ्या पायाचं मला कळत नाही असं समजू नकोस. जळगावला मोडलेल्या खुब्यात स्क्रू बसवले तरी हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त पोचत नाही. केंद्राच्या डॉक्टरांनी मेअखेरपर्यंत हात घातला तर गोळा वाचेल, आणि पुढे सहा महिने तेच चालायला शिकवतील, पण ते फक्त योजनेतल्या खेळाडूंसाठी. हे सगळं मेघाने मला दोनदा सांगितलं, मी काही बहिरा नाही. जळगावचे डॉक्टर म्हणतात, त्यापेक्षा सांधाच बदलून टाका. मग बदलू. केळीला यंदा भाव बरा आहे. सांधा बदललेली माणसं चालतातच की.

तुझी माय रोज विचारते, काय लिहिलं. तिला वाचून दाखवतो, थोडं गाळून.

तुझे आबा
नवल पाटील

२९ मार्च २०२५

चि. मोनाली,

उद्या पाडवा. तुझं उत्तर नाही. मेघाचा मेसेज आला, 'काका, नुसतं पत्र नको, कागद पाठवा.' ही पोरगी मला काका म्हणते आणि बोलते सावकारासारखी.

बरं, मग ऐक. तुला वाटतं आबाने मोठेपणासाठी केलं. तू इथं राहत नव्हतीस, म्हणून तुला माहीत नाही गावात काय चालायचं. पळणारी पोर लोकांना समजते, कुस्तीतली समजते. चालण्याची शर्यत कोणाला समजायची? तू सुट्टीला आलीस की पहाटे रस्त्याने निघायचीस. गुडघा ताठ, कंबर हलतेय, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. केळीच्या कामाला निघालेल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. पारावरची पोरं तुझ्यामागे तशीच कंबर हलवत चालून दाखवायची. तू कधी मागे वळून पाहिलं नाहीस. मी पाहायचो.

आणि हिलालनाना. सगळ्या पारासमोर मला म्हणाला, "नवल, तुन्ही आंडेरले सरकार चालाना पगार देस का? आमनी बठ्ठी जिंदगी चालाम्हा गयी, आमले कोनी काही दिधं नही." पोरीला चालण्याचा पगार म्हटल्यावर लोक हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवलो नाही, मायला विचार.

म्हणून गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, गावात पाहुण्यांचा सत्कार होता, तेव्हा मी उभा राहिलो. म्हटलं, आमच्या घरात कशाची कमी नाही, माझी पोर आजपासून सरकारची मदत सोडते, गरिबाच्या पोराला मिळू द्या. टाळ्या पडल्या. मला शाल घातली, ग्रामपंचायतीत फोटो लावला, खाली लिहिलं 'स्वाभिमानी पालक'. हिलालनाना खाली मान घालून उठून गेला.

मोनाली, मी गॅसची सबसिडी सोडली होती तुला आठवतं? एक कागद भरला, खात्यात यायचे ते पैसे बंद झाले, शेगडी चालूच राहिली. मला वाटलं हेही तसंच. महिन्याचे पैसे बंद होतील, बाकी पोर जिथं आहे तिथं चालत राहील. त्या एका कागदाबरोबर खाट जाते, जेवण जातं, प्रशिक्षक जातो, डॉक्टर जातो, हे मला कोणी सांगितलं? जूनमध्ये तू दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिलीस तेव्हा कळलं.

आणि तुला विचारलं नाही असं नाही. मी फोन केला होता. तू म्हणालीस, "बघा आबा, तुम्हीच ठरवा." हे तुझे शब्द आहेत.

तुझे आबा
नवल पाटील

३० एप्रिल २०२५, आखाजी

मोनाली,

दुपारपासून गल्लीत झोके चाललेत. लेकींची गाणी इथपर्यंत येतात. मायने आपल्या निंबाला दोर बांधला नाही. मी म्हटलं बांधू का, तर म्हणाली, बसणार कोण? पुरणाचा एक घास तिच्या घशाखाली गेला नाही आणि मी दोन पोळ्या खाल्ल्या, कारण ताट टाकलं असतं तर ती बोलली असती.

आज खोटं लिहवत नाही. तो फोन मी केला होता, आणि तू 'तुम्हीच ठरवा' म्हणालीही होतीस, पण ते नव्या मोटरसायकलच्या रंगाबद्दल. योजनेचा विषय मी काढलाच नव्हता. अर्ज सत्काराच्या दुसऱ्या दिवशी चोपड्याला टाइप करून घेतला आणि दुकानातच उभ्याने तुझी सही केली.

मला त्यात काही वाटलं नाही. हे तुला पटायचं नाही, पण तेच खरं आहे. आपल्या घरात सह्या कोण करतो? मायच्या अंगठ्याच्या जागी मी, तुझ्या काकाच्या सोसायटीच्या कागदावर मी. तू पंधरा वर्षांची असताना बँकेत खातं उघडायला गेलो. साहेब म्हणाले सही करा, तू माझ्याकडे बघितलंस. मी पावतीच्या पाठीवर काढून दाखवली, 'मो'चा काना वर नेऊन पुढे एक रेघ. तू ती गिरवलीस. पुढे स्पर्धेचे अर्ज, शाळेचे दाखले, तू शिबिरात असायचीस, मीच सह्या करायचो. तुझी सही ही मला माझीच वाटायची. आणि पोरीची सही आपली वाटायला लागली की पोरीचा पायही आपलाच वाटतो.

आता झालं ना समाधान? तुझ्यापुरतं मी कबूल केलं. पण हा कागद ऑफिसात दाखवू नकोस, हात जोडतो. चोवीस मेला सोसायटीची निवडणूक आहे. माझं पॅनल उभं आहे. खोटी सही करणारा माणूस लोकांच्या सह्या कशा घेणार? एवढे दिवस जाऊ दे. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी मी स्वतः ऑफिसात जाऊन लिहून देतो. महिनाभराने हाडाला काय असा फरक पडणार आहे.

आपलेच दात, आपलेच ओठ. समजून घे.

तुझे आबा
नवल पाटील

९ जून २०२५

मोनाली,

माय तुझ्याकडे पोचली हे मेघाकडून कळलं. बरं झालं. तिच्या गुडघ्याच्या गोळ्या इथंच राहिल्या, सोबत पाठवतोय.

निवडणूक बिनविरोध झाली. चोवीस तारखेला तसं जाहीर झालं, हार घालून घरी आलो तर माय कपाटासमोर बसली होती. माझी नवी टोपी काढायला गेली तेव्हा कपड्यांखालून चिठ्ठी निघाली होती. तिला वाचता येत नाही, पण डॉक्टरची चिठ्ठी कशी दिसते ते कळतं. तिने ती अंगणवाडीच्या सारिकाकडून वाचून घेतली. मी आलो तेव्हा तिची पिशवी भरलेली होती. तीस वर्षांत ती माझ्यासमोर आवाज चढवून बोलली नव्हती, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाली, "पोरनी सही बी तुम्हीच करी, पोरना पाय बी तुम्हीच मोडा." आणि हार गळ्यात असताना मला ओलांडून गेली.

त्या चिठ्ठीचं तिने तुला सांगितलं असेलच. तरी मी माझ्या हाताने लिहितो, कारण आजवर मी प्रत्येक पत्रात तुला निम्मंच सांगितलं.

गेल्या सप्टेंबरात तुझ्या जांघेत दुखायला लागलं, तेव्हा आपण चोपड्याच्या डॉक्टरांकडे गेलो. तुला बाहेर बसवून त्यांनी मला सांगितलं, चालणं आजपासून बंद, जळगावला नेऊन खुब्याचा एमआरआय काढा, हाडाला बारीक चीर असू शकते. चिठ्ठी दिली. बाहेर येऊन मी तुला म्हटलं, स्नायू आखडलाय, मालिश सांगितलीय.

पुढच्या आठवड्यात पाचोऱ्याची माणसं तुला पाहायला येणार होती. लग्नाच्या पोरीचा खुबा तपासायला नेला, ही बातमी आपल्याकडे सकाळी निघते आणि दुपारपर्यंत पाचोऱ्याला पोचते. म्हणून मी चिठ्ठी कपाटात घातली आणि तुला जीवराम वैद्याकडे नेलं. त्याने सहा वेळा तेल लावून पाय ओढला. तू दात आवळून पडायचीस, मी तुझं डोकं धरून म्हणायचो, होईल कमी. पाचोऱ्याची माणसं आली, पोहे खाल्ले, पोरीच्या चालण्यावरून काहीतरी बोलली आणि गेली. पुन्हा आली नाहीत.

तुझं दुखणं थांबलं नाही आणि तू चालणंही थांबवलं नाहीस, कारण तुला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणारा मी होतो. केंद्रात असतीस तर पहिल्या दिवशी कोणीतरी थांबवलं असतं.

जानेवारीत जळगावला शर्यत पाहायला आलो. तुझी शर्यत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. तू तिसरी होतीस. माझ्या शेजारी कोणीच हसत नव्हतं. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटलं, अरे, हे असं असतं होय. आठव्या किलोमीटरला तुझा चेहरा पांढरा पडला. मी दोरीपाशी गेलो आणि ओरडलो, "चाल पोरी, थांबू नको." तू माझ्याकडे बघितलंस आणि थांबली नाहीस. पुढच्या वळणावर गुडघा वाकला म्हणून पंचाने ताकिदीचा फलक उचलला. पहाटे रस्त्यावर तुला खोटी चाल करताना मी कधी पाहिलं नव्हतं, ही खोटी चाल नाही हे पंचालाही कळलं असेल, कारण फलक त्याच्या हातात तसाच राहिला आणि तू खाली बसलीस. हाडाचा तो आवाज दोरीपर्यंत आला होता, मोनाली. केळीचा दांडा मोडतो तसा.

माय घर सोडून गेल्यावर आठ दिवस मी घरात एकटा बसलो. फोन केला नाही, कागदही लिहिला नाही. आता कोणती निवडणूक आडवी आली होती, ते मला सांगता येत नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो मीच. दोन तारखेला उठून कबुलीचा कागद लिहिला आणि नाशिकला योजनेच्या ऑफिसात गेलो.

तिथं सुनंदाबाई म्हणून अधिकारी आहेत. माझा कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला, मग चष्मा काढला. म्हणाल्या, तुम्ही पोरीला वाचवायला आता खोटं बोलत नाही कशावरून? इथं बरेच पालक येतात, सोडलेलं परत मिळवायला. मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. दहा वेळा तुमच्या मुलीची सही करा म्हणाल्या.

मी केली. पहिल्या दोन बिघडल्या, मग हात बसला. 'मो'चा काना, पुढे रेघ. त्यांनी तुझ्या पासपोर्टवरची सही शेजारी ठेवली, मग त्या अर्जावरची, मग माझ्या दहा. एकेकीवरून बोट फिरवलं. शेवटी म्हणाल्या, "तिच्यापेक्षा तुमची सही जास्त सारखी येते." त्यांनी शिक्का मारला. पोलिसांकडे प्रकरण जाईल की नाही ते वरून कळेल, असंही सांगितलं. जाऊ दे. मी त्यांना म्हटलं, पाठवा.

तुझी फाइल उघडली. आठवडाभरात तुला बोलावणं येईल. मेची अखेर होऊन गेली, हे मला माहीत आहे.

नवल पाटील

१७ ऑगस्ट २०२५

मोनाली,

मेघाने बरंच सांगितलं. मीच तिला रोज विचारतो, आता ती मला रागावून बोलत नाही, त्याचीच भीती वाटते.

केंद्राच्या डॉक्टरांनी खुब्याचा फोटो पाहून पहिल्याच दिवशी सांगितलं म्हणे, की गोळा खचला, आता सांधाच बदलावा लागेल. मार्च-एप्रिलमध्ये आली असती तर प्रयत्न केला असता. मार्चमध्ये मी तुला लिहीत होतो की सांधा बदललेली माणसं चालतात. एप्रिलमध्ये लिहिलं की महिनाभराने काय फरक पडतो. ती पत्रं तू फाडली नसशील तर ठेव. पुढे कोणी विचारलं की उशीर का झाला, तर दाखवायला तारखेसकट आहेत.

परवा, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत मी ऑफिसातला तोच कागद उभं राहून वाचला. चिठ्ठीचंही वाचलं. सरपंच मध्येच म्हणाले, आबा, झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडता. मी वाचत राहिलो. झाल्यावर कागद घडी करून खिशात ठेवला. भिंतीवरचा फोटो मी स्टुलावर चढून काढला. हिलालनाना स्टूल धरून उभा होता. खाली उतरल्यावर म्हणाला, "नवल, मी नुसता हसनू. तू तं कागद करा." त्याला म्हातारपणात रडू आवरत नव्हतं, पण त्याचं मी काय करू.

सोसायटीचा राजीनामा दिला. माझा सहीचा अधिकार आता आमच्या पॅनलमधल्या भटूकडे गेला. हे तुला सांगायचं कारण नव्हतं, तरी लिहिलं.

आता ते सांगतो ज्यासाठी बसलो. सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी संमतीचा फॉर्म आला तेव्हा काय झालं, ते मेघाने मला फोनवर सांगितलं. मी खाली दवाखान्याच्या गेटपाशीच होतो. तू वर येऊ देणार नाहीस माहीत होतं, तरी लागलंच तर म्हणून धोतर-सदरा घालून, खिशात पेन लावून बसलो होतो. तुझी सही झाल्यावर नर्सने विचारलं, जवळच्या नातेवाइकाची सही लागते, वडील आलेत ना? मेघाने तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालीस, "सही माय करेल."

नर्सने शाईचं पॅड पुढे केलं तर मायने ते बाजूला सारलं म्हणे. तू धुळ्याच्या खोलीत दोन महिने तिला पाटीवर शिकवत होतीस, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी तिला शिकवलं नाही. गरज काय, मी आहे ना, असं म्हणायचो. तिने पेन मुठीत धरलं. 'बेबाबाई' लिहायला पाच मिनिटं लागली. ऑपरेशनचे डॉक्टर येऊन उभे राहिले, त्यांनीही घाई केली नाही. मग ती थांबली आणि तिने नर्सला विचारलं, पुढे नवऱ्याचं नाव लिहावंच लागतं का? नर्स म्हणाली, लागतं. मग तिने ते लिहिलं. मेघा म्हणाली, तिथली अक्षरं जरा वाकडी आलीत.

तू आता तीन महिन्यांनी चालायला लागशील. शर्यत नाही, नुसतं चालणं. घरात, दुकानापर्यंत, बसस्टॉपपर्यंत. तुला चालायचा पगार मिळत होता तेव्हा मला लाज वाटली. आता तू फुकट चालशील, आणि तेही लंगडत. गावात कोणी हसणार नाही. मी रोज पहाटे त्या रस्त्याला जाऊन बसतो, बायका कामाला जातात, कोणी पदर तोंडाला लावत नाही.

तुझ्या आईला म्हणावं, गोळ्या संपल्या असतील तर मेघाकडे सांगावं, मी पाठवीन. तुला माझ्याकडून काही नको हे मला कळलंय, म्हणून तुझ्यासाठी काही पाठवत नाही.

हे पत्र मी लिहिलंय हे तुला अक्षरावरून कळेल. खाली सही करत नाही.